विश्लेषण : न्यायालयात आता डॉक्टरांऐवजी डॉक्टरांचा कागद बोलणार, पण तो लिहिणाऱ्याच्या पाठीशी कोण?

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ रोजी लागू झाले, तेव्हा चर्चा रंगली ती कलमांच्या बदललेल्या क्रमांकांची. तीनशेदोनचे एकशेतीन झाले, चारशेवीसचे तीनशेअठरा झाले, आता हिंदी चित्रपटांच्या संवादांचे काय, असे विनोदही झाले. एक बदल मात्र फारसा गाजावाजा न होता झाला. जखमी, मृत, पीडित आणि अटकेतील आरोपी या चौघांची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरचे काम या कायद्यांनी बदलले. त्याच्या अहवालाला मुदती घातल्या, त्याचे वजन वाढवले आणि शक्य तिथे डॉक्टरला साक्षीच्या पिंजऱ्यातून मोकळे केले.

ही सोय चांगलीच आहे. केज किंवा आष्टीच्या रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याने साक्षीसाठी अख्खा दिवस बाहेरगावच्या न्यायालयात घालवायचा, बाह्यरुग्ण विभागात रुग्ण ताटकळत ठेवायचे आणि दुपारी ‘आज बोर्ड होत नाही, पुढची तारीख घ्या’ हे ऐकून परतायचे, यात कोणाचेच भले नव्हते. पण साक्षीदाराची जागा कागदाने घेतली की त्या कागदावर कोणाचा दाब पडला हे विचारण्याची संधीही कमी होते. बीड जिल्ह्याला हा प्रश्न ऑक्टोबर २०२५ मध्ये फार जवळून भिडला.

साताऱ्यातील फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या, मूळच्या बीड जिल्ह्यातील एका तरुण महिला डॉक्टरने २३ ऑक्टोबर रोजी आयुष्य संपवले. तिने मागे ठेवलेल्या मजकुरात अत्याचाराचे आणि छळाचे आरोप होते. एका पोलीस उपनिरीक्षकासह दोघांना अटक झाली आणि पुढे विशेष तपास पथक नेमले गेले. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, त्यामुळे त्यांवर येथे भाष्य करणे योग्य नाही. मात्र त्याच प्रकरणातून आणखी एक गोष्ट बाहेर आली आणि ती अत्याचाराच्या बातमीखाली बरीचशी झाकली गेली. मृत्यूच्या काही महिने आधी या डॉक्टरने पोलीस उपअधीक्षकांकडे लेखी तक्रार केली होती. अटकेतील आरोपींना ‘फिट’ असल्याचे प्रमाणपत्र द्यावे यासाठी पोलिसांकडून दबाव येतो, असे तिचे म्हणणे होते. शवविच्छेदन अहवाल बदलण्यासाठीही दबाव होता, असा आरोप नातेवाइकांनी केला.

म्हणजे पोलिसांच्या दबावाची तक्रार ऐकायलाही पोलीसच. ग्रामीण महाराष्ट्रात वैद्यकीय पुराव्याची व्यवस्था कशी चालते, हे एवढ्यावरून कळावे.

कायद्यात नेमके काय बदलले?

सर्वांत महत्त्वाचा बदल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० मध्ये आहे. सरकार पक्ष किंवा बचाव पक्षाने कागदपत्रे सादर केली की समोरच्याने ती कबूल आहेत की नाकबूल, हे ३० दिवसांत सांगायचे. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत वाढवू शकते. तज्ज्ञाच्या अहवालावर कोणत्याही पक्षाने वाद उपस्थित केला नाही, तर त्या तज्ज्ञाला न्यायालयात बोलवायचेच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९४ मध्ये कागदपत्रे कबूल करून घेण्याची तरतूद होती. तज्ज्ञाला बोलवण्यावरची ही स्पष्ट मनाई नवी आहे.

दुसरा बदल कलम ३३६ चा. अहवाल लिहिणारा वैद्यकीय अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला, मरण पावला, सापडत नाही किंवा त्याला हजर करण्यात विलंब होणार असेल, तर साक्षीच्या वेळी त्या पदावर जो अधिकारी असेल त्याने त्या अहवालावर साक्ष द्यायची. तीही दृक्‌श्राव्य माध्यमातून देता येते. येथेही अहवालावर वाद असेल तरच बोलावणे.

मुदतींचे बदल वेगळे. बलात्कार पीडितेच्या तपासणीचा अहवाल डॉक्टरने पूर्वी ‘विनाविलंब’ द्यायचा होता. आता कलम १८४ नुसार सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. ‘विनाविलंब’ हा शब्द सरकारी कारभारात किती ताणला जातो हे सर्वांना ठाऊक असल्याने आकडा घातला हे बरेच झाले. तपासणीत घेतलेल्या नमुन्यांचा न्यायसहायक प्रयोगशाळेचा निष्कर्ष मात्र सात दिवसांत येईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. मग डॉक्टर तपासणीत दिसलेले लिहून देतो आणि ‘अंतिम अभिप्राय प्रयोगशाळेच्या अहवालानंतर’ अशी टीप जोडतो. ही टीप वाचून आरोपीचा वकील खूश होतो आणि पीडितेच्या घरचे घाबरतात. प्रत्यक्षात तिचा अर्थ ‘काही आढळले नाही’ असा नसतो.

आणखी एक बदल दिसायला किरकोळ आहे. आरोपीच्या शरीराच्या तपासणीची विनंती पूर्वी किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावी लागत असे. कलम ५१ नुसार आता ती कोणताही पोलीस अधिकारी करू शकतो आणि डॉक्टरने अहवाल विनाविलंब तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. शहरात याचा त्रास कदाचित जाणवणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी मध्यरात्री एकटा डॉक्टर, एक परिचारिका आणि समोर चार पोलीस असतील, तेव्हा मागणी कोणी केली आणि कोणत्या अधिकारात केली याला महत्त्व असते.

सात वर्षांनी साक्ष कोण देणार?

पदावरच्या नव्या अधिकाऱ्याने साक्ष द्यायची ही कल्पना आली कुठून, हे बीडला कोणी सांगावे लागत नाही. मे २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, त्याचे कारण काय याचे उत्तर त्या एका प्रकरणाने राज्यासमोर ठेवले. बीडच्या न्यायालयाचा निकाल आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. सुदाम मुंडे, त्यांच्या पत्नी डॉ. सरस्वती मुंडे आणि मृत महिलेचा पती यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. घटना आणि निकाल यांच्यात जवळपास सात वर्षे गेली, आणि हे राज्यभर गाजलेले, सगळ्यांचे लक्ष असलेले प्रकरण होते.

सात वर्षांत सरकारी डॉक्टरच्या दोन बदल्या होतात. बंधपत्रावर आलेला एमबीबीएस डॉक्टर वर्ष संपताच पदव्युत्तर शिक्षणाला निघून जातो. कंत्राटी डॉक्टर खासगी दवाखाना थाटतो. समन्स जुन्या पत्त्यावर जाते, परत येते, मग वॉरंट निघते. खटला एका डॉक्टरसाठी वर्षभर अडून राहिल्याचे कोणताही सरकारी वकील सांगेल. कलम ३३६ या दुखण्यावरचे औषध आहे.

त्या औषधाचे दुष्परिणाम मात्र ओळखले पाहिजेत. शवविच्छेदन अहवाल हा स्वतःहून मूळ पुरावा नसतो, तो लिहिणाऱ्या डॉक्टरची न्यायालयातील साक्ष हा पुरावा असतो, असे न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली. अहवालाचा खरेपणा दोन्ही बाजूंनी मान्य केला तर तो साक्षीशिवाय वाचता येतो, हा त्याला अपवाद. याचे कारण साधे आहे. जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची, काठीची की पडल्याची, गळ्यावरचा व्रण दोरीचा की हातांचा, ही उत्तरे अहवालातील दोन ओळींत मावत नाहीत. ती उलटतपासणीत निघतात. ज्याने मृतदेह पाहिलाच नाही असा नवा अधिकारी सही ओळखेल, नोंदवही दाखवेल, फार तर ‘अशी जखम अशा शस्त्राने होऊ शकते’ असे सांगेल. ‘तुम्ही त्या दिवशी हे का लिहिले नाही?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. नेमका तोच प्रश्न कधी निरपराध माणसाला सोडवतो, तर कधी गुन्हेगाराला अडकवतो.

‘वाद उपस्थित केला तरच बोलावणे’ या अटीचे काय होणार, हे प्रत्यक्षात वकिलांवर ठरेल. ज्याच्याकडे चांगला वकील आहे तो प्रत्येक अहवाल सरसकट नाकबूल करणार आणि डॉक्टरला पूर्वीसारखेच बोलावले जाणार. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी ३० दिवस कधी सरले हेही कळणार नाही. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर असतात. त्यांच्यातला कोणी आरोपी असो की फिर्यादी, शवविच्छेदन अहवालाच्या कोणत्या परिच्छेदावर हरकत घ्यायची हे त्याच्या वतीने कोण बघणार? विधी सेवा प्राधिकरणाचे वकील असतात, पण वैद्यकीय अहवाल वाचून देणारा डॉक्टर त्यांच्याकडे नसतो.

‘फिट’ हा शब्द कायद्यात आहे का?

फलटण प्रकरणानंतर ‘फिट प्रमाणपत्र’ हा शब्द महाराष्ट्राच्या कानावर पडला. डॉक्टरांना आणि पोलिसांना तो रोजचाच. आरोपीला अटक झाली की रुग्णालयात आणायचे, रक्तदाब आणि नाडी पाहायची, कागदावर ‘फिट’ अशी नोंद घ्यायची आणि न्यायालयात न्यायचे. डॉक्टरने वेगळे लिहिले तर आरोपीला दाखल करावे लागते, त्याच्या खाटेशी बंदोबस्त ठेवावा लागतो, कोठडीचे तास वाया जातात. तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने ‘अनफिट’ हा शब्द म्हणजे डोक्याला ताप. त्यात काही वेळा खरी अडचणही असते. अटक झाली की अनेकांच्या छातीत अचानक दुखू लागते आणि बड्या आरोपींचे हे दुखणे रुग्णालयाच्या विशेष कक्षात जाऊनच थांबते, हे लोकांनी अनेकदा पाहिले आहे. पोलिसांची चीड समजण्यासारखी आहे.

पण कायदा काय म्हणतो? अटकेतील व्यक्तीच्या तपासणीचे कलम आहे नागरिक सुरक्षा संहितेचे ५३. अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करायची. अंगावरच्या जखमा आणि मारहाणीच्या खुणा नोंदवायच्या, त्या अंदाजे केव्हाच्या आहेत ते लिहायचे. अहवालाची प्रत अटकेतील व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यायची. डॉक्टरला गरज वाटली तर तो आणखी एक तपासणी करू शकतो, ही नव्या कायद्यातील भर. या कलमात ‘फिट’ हा शब्द कुठेही नाही. ही तपासणी आरोपीच्या संरक्षणासाठी आहे. त्याला पुढच्या प्रवासासाठी पात्र ठरवण्याचा शिक्का म्हणून ती लिहिलेली नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीचा जो आदेश दिला, त्यामागचे कारणही कोठडीतील मारहाण हेच होते.

व्यवहारात मात्र उलटे झाले. आरोपीला पोलिसांपासून वाचवण्यासाठी केलेल्या तपासणीचे रूपांतर पोलिसांना आरोपापासून वाचवणाऱ्या प्रमाणपत्रात झाले. ‘तपासणीच्या वेळी फिट होता, अंगावर खूण नव्हती’ असा डॉक्टरचा कागद असेल तर नंतर कोठडीत काही झाले तरी पहिला बचाव तयार असतो. हा कागद खोटा निघाला तर किंमत कोण मोजणार? खोटे प्रमाणपत्र देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ नुसार गुन्हा आहे. वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्यासाठी परिषदेच्या नोंदवहीतून डॉक्टरचे नाव काढले जाऊ शकते. ‘फिट’ लिहा म्हणणाऱ्याचे नाव त्या कागदावर नसते.

नव्या कायद्याने ही तपासणी वाढण्याचीही शक्यता आहे. कलम १८७ नुसार पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग घ्यावी लागत नाही. गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ती तुकड्यांनी मागता येते. आरोपी कारागृहातून पोलिसांकडे आणि पुन्हा कारागृहात जितक्या वेळा जाईल, तितक्या वेळा कुठल्या तरी रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टरसमोर तो कोरा नमुना येणार. या वाढीव कामासाठी ग्रामीण रुग्णालयांत एकही जादा पद या कायद्याने आणलेले नाही.

परभणीत एका अहवालाने काय केले?

दाब न मानता लिहिलेल्या अहवालात किती ताकद असते, हे शेजारच्या परभणीने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर आंदोलन आणि अटकसत्र झाले. अटक झालेल्यांत कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. त्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि कारण हृदयविकाराचे असल्याचे सांगण्यात आले. मृतदेह छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आला. शवविच्छेदनाचे चित्रीकरण झाले आणि तेथील डॉक्टरांनी प्राथमिक अभिप्राय लिहिला : अनेक जखमांमुळे आलेला आघात. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या एका ओळीच्या अभिप्रायाविना मृताच्या आईची लढाई कुठवर गेली असती, याचा विचार करून पाहावा.

या प्रकरणात तीन गोष्टी जुळून आल्या. शवविच्छेदन घटनेच्या जिल्ह्याबाहेर झाले, ते एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याने न करता वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि त्याचे चित्रीकरण झाले. कोठडी मृत्यूंच्या बाबतीत मानवी हक्क आयोगाचा चित्रीकरणाचा आग्रह फार जुना आहे. पण रोजच्या मारामाऱ्या, संशयास्पद विषबाधा, विहिरीत सापडलेल्या सुना यांच्या वाट्याला यातले काही येत नाही. ही प्रकरणे तालुक्याच्या रुग्णालयात, ज्याची त्या दिवशी ड्युटी असेल त्याच्या हातून होतात. एमबीबीएसला न्यायवैद्यकशास्त्र हा विषय असतो, परीक्षा पास झाली की तो मागे पडतो. आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कोणाच्या तरी जन्मठेपेचा किंवा सुटकेचा कागद लिहायची वेळ येते.

अज्ञानातून होणारे नुकसान दबावाने होणाऱ्या नुकसानीपेक्षा कमी नसते. बलात्कार पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली, तरीही ती चालू राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. या चाचणीविरुद्धच्या वैद्यकीय मांडणीत सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागाचे काम मोठे आहे. ज्या राज्यात ते काम झाले, तेथील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या छापील नमुन्यापर्यंत ते पोहोचायला किती वर्षे लागली, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल.

डॉक्टरच आरोपी असेल तर?

याची दुसरी बाजू निष्काळजीपणाच्या खटल्यांची. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास सर्वांना सारखीच, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी दोन वर्षांवरच ठेवली. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत हा बदल मांडताना डॉक्टरांना सूट दिल्याचे सांगितले गेले आणि ‘डॉक्टरांची सुटका’ असे मथळे झाले. कलम नीट वाचले तर सुटका कुठेच दिसत नाही. पूर्वी न्यायाधीश फक्त दंड करून सोडू शकत होते. आता कैद ‘आणि’ दंड असे शब्द आहेत.

‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ कोण, याचे स्पष्टीकरणही त्याच कलमाखाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार मान्य पदवी आणि त्या कायद्याखालच्या नोंदवहीत नाव, अशा दोन्ही अटी आहेत. शब्दशः वाचले तर बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर या दोन वर्षांच्या सवलतीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी पाच वर्षे. बीडच्या वाड्या-तांड्यांवर रात्री बाराला दार उघडणारा डॉक्टर बहुतेक वेळा याच पदव्यांचा असतो. होमिओपॅथी डॉक्टरांच्या वैद्यकीय परिषदेतील नोंदणीवरून २०२५ मध्ये राज्यात जो संघर्ष पेटला, तो कोणती औषधे लिहायची यापुरता वाटला होता. नोंदवहीत नाव असणे-नसणे शिक्षेच्या वर्षांवरही परिणाम करू शकते, याकडे दोन्ही बाजूंनी फारसे लक्ष दिले नाही.

येथेही पुन्हा तज्ज्ञाचा कागदच महत्त्वाचा ठरतो. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतील, शक्यतो सरकारी सेवेतील, निष्पक्ष डॉक्टरचे मत घ्यावे. साध्या चुकीसाठी नव्हे, घोर निष्काळजीपणासाठीच फौजदारी जबाबदारी असावी. नियम रास्त आहे. ज्या जिल्ह्यात एका शाखेचे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आणि सगळे एकमेकांना ओळखणारे, तिथे निष्पक्ष मत कुठून आणायचे, एवढाच प्रश्न उरतो. पोटच्या मुलीला गमावलेल्या बापाला वाटते की डॉक्टरने डॉक्टरला वाचवले. आणि ज्याने प्रामाणिकपणे ‘निष्काळजीपणा नाही’ असे लिहिले, त्याच्यावरही तोच संशय राहतो. बीडमध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. त्यातली कोणती गरजेची होती आणि कोणती नव्हती, हे केसपेपर आणि स्वतंत्र तज्ज्ञ यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. दुसऱ्या डॉक्टरचे मत आधीच कागदावर आणण्याची ती जिल्ह्याची स्वतःची पद्धत होती.

काय करता येईल?

इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूच्या शवविच्छेदनाचा आदेश कोरोनर देतो. तो न्यायिक अधिकारी असतो, पोलीस नव्हे. मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनरचे पद होते. ते जुनाट आणि वेळखाऊ म्हणून रद्द झाले. ते पुन्हा आणा असे म्हणण्यात अर्थ नाही. पण पोलीस मागणी करणार, पोलीस मृतदेह आणणार, पोलीस अहवाल नेणार आणि डॉक्टरला तक्रार असेल तर तीही पोलिसांकडेच, ही साखळी कुठे तरी तोडावी लागेल.

पहिली जागा तक्रारीची. वैद्यकीय अधिकाऱ्याने अहवालावर दबाव आल्याचे कळवले तर ती नोंद प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच दिवशी जाईल, अशी व्यवस्था हवी. कोठडीतील आरोपीच्या सुरक्षिततेवर न्यायालयाचीच देखरेख असते, त्यामुळे हे काही नवे अधिकार देणे नव्हे. आरोग्य खात्याने आपल्या डॉक्टरची बाजू घेण्याऐवजी ‘पोलिसांशी जमवून घ्या’ असा सल्ला देण्याची पद्धत सोडली पाहिजे. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी राज्यात २०१० चा कायदा आहे. तो नातेवाइकांच्या दगडांपासून वाचवतो, वर्दीतल्या फोनपासून नाही.

दुसरी जागा अंबाजोगाई. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था जिल्ह्यातच असताना अकरा तालुक्यांतील वादग्रस्त अहवाल दुसऱ्या नजरेखालून घालण्याचे काम तेथील न्यायवैद्यक विभागाकडे देता येईल. तालुक्याच्या नवख्या डॉक्टरला रात्री दोन वाजता फोन करून ‘हा व्रण कसा लिहू?’ असे विचारता येईल असा वरिष्ठ हवा. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनाही ३० दिवसांच्या आत अहवाल वाचून देणारा कोणी तरी तेथूनच मिळू शकतो. त्यासाठी त्या विभागाला माणसे द्यावी लागतील, हे उघड आहे.

आणि तिसरी जागा तो छापील नमुना. ‘फिट / अनफिट’ हा रकाना काढून कलम ५३ मध्ये जे लिहिले आहे तेच छापावे : जखमा, त्यांचे अंदाजे वय, आरोपीने स्वतः काय सांगितले, तपासणीची वेळ, आणि मागणी करणाऱ्या पोलिसाचे नाव, हुद्दा व बकल क्रमांक. तपासणीच्या वेळी खोलीत आणखी कोण होते, याचीही एक ओळ असावी. तीन प्रती : एक पोलिसांना, एक रुग्णालयाच्या फाइलला आणि कायदा सांगतो त्याप्रमाणे एक त्या आरोपीच्या हातात. सरकारी रुग्णालयांत आज ही तिसरी प्रत किती जणांना मिळते, हे तपासायला जिल्हा शल्यचिकित्सकांना फक्त मागच्या महिन्याची नोंदवही मागवावी लागेल.